परमुलखातील देवालये : पुण्यश्लोक अहिल्याबाईंची धर्मनीती

श्रावणातील सोमवार उजाडला की घरोघरी नवविवाहिता शिवामूठ वाहतात, गावोगावच्या शिवालयांत अभिषेकाची संततधार सुरू होते, आणि ज्यांना सवड व सामर्थ्य आहे ते ज्योतिर्लिंगांच्या दर्शनास निघतात. काशीचा विश्वनाथ असो, प्रभासक्षेत्रीचा सोमनाथ असो वा नर्मदेच्या कुशीतील ओंकारेश्वर असो, या वाटेने जाणाऱ्या यात्रेकरूला एक नाव पदोपदी भेटते. कधी ते घाटाच्या पायऱ्यांशी जोडलेले असते, कधी धर्मशाळेच्या ओवरीशी, तर कधी वाटेवरच्या विहिरीशी. ते नाव पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे होय. याच श्रावणाच्या वद्य चतुर्दशीला, इ.स. १७९५ मध्ये, नर्मदातीरी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

त्यांनी बांधलेल्या देवळांची आणि घाटांची यादी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्या यादीच्या लांबीपुढे एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. काशी अहिल्याबाईंच्या राज्यात नव्हती. गया त्यांच्या राज्यात नव्हती. सोमनाथ, हरिद्वार, रामेश्वर यांपैकी एकाही क्षेत्रावर त्यांची सत्ता चालत नव्हती. अठराव्या शतकातील भारतवर्षात अनेक राज्ये होती आणि एका राज्याच्या दृष्टीने दुसरे राज्य हे परराष्ट्रच होते. प्रत्येकाची सरहद्द वेगळी, जकात वेगळी, फौज वेगळी. अशा परमुलखात, कोठे नवाबाच्या तर कोठे इंग्रज कंपनीच्या अमलाखाली, माळव्यातील एका विधवा राज्यकर्तीने देवळे उभारावीत आणि त्यांवर कोणी हरकत घेऊ नये, हे घडले कसे? या प्रश्नाच्या उत्तरात त्यांच्या भक्तीइतकीच त्यांची राजनीती दडलेली आहे.

चौंडी ते महेश्वर

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात, चौंडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. मल्हारराव होळकर हे त्या वेळी मराठी दौलतीचे उगवते सरदार होते. त्यांनी या मुलीस आपली सून करून घेतले. धनगराच्या घरातून निघून स्वपराक्रमाने माळव्याचे सुभेदार झालेल्या या सासऱ्याला माणसाची पारख उत्तम होती. आपली सून केवळ व्रतवैकल्यांत रमणारी नाही, हिशेब, पत्रव्यवहार आणि न्यायनिवाडा यांतही तिची बुद्धी चालते, हे त्यांनी ओळखले. स्वतः मोहिमेवर असताना ते दौलतीची पुष्कळशी कामे तिच्यावर सोपवू लागले.

सुख मात्र अल्पच ठरले. १७५४ साली जाटांच्या कुंभेरी किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला असता तोफेचा गोळा लागून पती खंडेराव धारातीर्थी पडले. अहिल्याबाई सहगमनास निघाल्या. वृद्ध सासऱ्याने डोळ्यांत पाणी आणून त्यांना परतविले आणि दौलत सांभाळण्याची विनवणी केली. कुलरूढीचा मान मोठा, की जिवंत राहून प्रजेचा भार वाहण्याचे कर्तव्य मोठे, असा तो प्रसंग होता. अहिल्याबाईंनी कर्तव्य पत्करले. पुढे १७६६ साली मल्हारराव वारले, आणि वर्ष सरते न सरते तोच, १७६७ साली, एकुलता एक पुत्र मालेरावही गेला. एकेचाळीस-बेचाळीस वर्षांच्या या विधवेपुढे आता कुलवंशाचा कोणीच आधार उरला नाही. उरली ती दौलत, आणि देवघरातील शिवलिंग.

तुळशीपत्राचे कवच

राज्य निराधार दिसले की त्यावर नजरा वळतात. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना दत्तक बसवून कारभार आपल्या हाती ठेवावयाचा होता. त्यांनी राघोबादादांना अनुकूल करून घेतले आणि दादा फौजेनिशी माळव्यात उतरले. अहिल्याबाईंनी एकीकडे आपली फौज सज्ज केली. दुसरीकडे शिंदे, भोसले, गायकवाड यांना आणि पुण्यास माधवराव पेशव्यांना पत्रे धाडली. पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला. आपण केवळ सांत्वनासाठी आलो होतो, असे सांगून दादांना माघार घ्यावी लागली.

याच संदर्भात एक कथा परंपरेने सांगितली जाते. होळकरांच्या खजिन्यावर राघोबादादांचा डोळा होता. अहिल्याबाईंनी तो खजिना तुळशीपत्र ठेवून धर्मकार्यास अर्पण केला होता. दादांनी द्रव्य मागितले तेव्हा बाईंनी कळविले, की द्रव्य आता देवाचे झाले आहे. आपण ब्राह्मण आहात, संकल्पाचे उदक हाती घेऊन दान म्हणून स्वीकारणार असाल तर जरूर न्यावे. पेशव्यांच्या घरातील पुरुषाला हे दान घेणे शक्यच नव्हते. ज्या धनाभोवती पहारा बसवूनही ते वाचले नसते, ते एका तुळशीपत्राने वाचले.

ही कथा केवळ चातुर्याची म्हणून सांगितली तर तिचा अर्थ निम्माच हाती येतो. दादांना निरुत्तर करण्यापुरते ते तुळशीपत्र ठेवले असते, तर पुढील अठ्ठावीस वर्षांत ते केव्हाही उचलले गेले असते. अहिल्याबाईंनी ते कधीच उचलले नाही. संकल्प खरा होता, म्हणूनच त्याचे कवच टिकले.

तलवारीला न साधलेले कार्य

आता काशीकडे वळू. औरंगजेबाच्या हुकुमाने १६६९ साली विश्वेश्वराचे देवालय पाडले गेले, तेव्हापासून ते पुन्हा उभारावे ही आकांक्षा मराठी मनात घर करून होती. १७४२ साली खुद्द मल्हारराव होळकर फौज घेऊन त्या प्रांतात गेले असता त्यांनी हे कार्य बळाने तडीस नेण्याचा मनसुबा केला. परंतु काशीचे ब्राह्मणच भयभीत झाले. मराठ्यांची फौज आज आहे, उद्या निघून जाईल, आणि मागे राहणाऱ्या आमच्यावर नवाबाचा कोप होईल, अशी त्यांची भीती होती. सरदारांना आवरावे म्हणून त्यांनी विनवण्या केल्या आणि तो बेत तसाच राहिला.

पुढे नानासाहेब पेशव्यांनी काशी आणि प्रयाग ही क्षेत्रे अयोध्येच्या नवाबाकडून तहाने मिळविण्यासाठी वारंवार प्रयत्न केले. आपल्या सरदारांना त्यांनी त्यासाठी पत्रे लिहिली. क्षेत्रे मिळाली नाहीत. उलट १७६१ साली पानिपतावर नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या पक्षाला उभा राहिला. त्याची कारणे अनेक होती. पण ज्या क्षेत्रासाठी आपण हात जोडतो, त्या क्षेत्राच्या धन्याला आपल्या हातातील तलवार आधी दिसते, हेही त्यातले एक कारण असावे. मागणी देवळाची असली तरी नवाबाला ती मुलखाची वाटत होती, आणि काशी-प्रयाग मागताना पेशवे मुलूखही मागत होतेच.

म्हणजे सासऱ्याची फौज आणि पेशव्यांचे तह, या दोन्ही मार्गांनी जे साधले नाही, ते कार्य सुनेच्या वाट्यास आले होते.

परमुलखात देऊळ उभारण्याची रीत

अहिल्याबाईंनी निराळा मार्ग धरला. त्यांनी मुलूख मागितला नाही, फौज नेली नाही, आणि पूर्वीचे काही उखडून त्या जागी आपले उभारण्याचा आग्रहही धरला नाही. काशीत जुन्या जागी उभ्या असलेल्या मशिदीस हात न लावता तिच्या लगतच्या जागेवर त्यांनी विश्वनाथाचे नवे देवालय बांधविले. ते इ.स. १७८० च्या सुमारास पुरे झाले. त्याआधी, १७७५ साली, बनारसचे स्वामित्व अयोध्येच्या नवाबाकडून इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले होते आणि स्थानिक कारभार राजा चेतसिंगाकडे होता. पुढे १७८५ साली वॉरन हेस्टिंग्जच्या सांगण्यावरून तेथील न्यायाधीश अली इब्राहीम खान यांनी त्याच देवळासमोर नौबतखाना बांधविला. देऊळ मराठी राणीचे, नौबतखान्याचा हुकूम इंग्रज गव्हर्नर जनरलचा, बांधविणारा मुसलमान अंमलदार, आणि आत विराजमान विश्वनाथ! तीन सत्तांनी एका देवापुढे असे उभे राहावे, हे चाळीस वर्षांपूर्वी कोणास खरे वाटले नसते.

सोमनाथास त्यांनी हीच रीत ठेवली. त्या प्रांतात जुनागढच्या नवाबाचे राज्य होते. भग्न मंदिराच्या जागेचा हट्ट न धरता त्यांनी १७८३ साली जवळच नवे शिवालय उभारले, आणि मुख्य लिंगाची स्थापना जमिनीखालील गाभाऱ्यात केली. संकट पुन्हा आलेच तर देवाला उपद्रव पोहोचू नये, अशी ती योजना होती. आशा ठेवावी पण सावधपण सोडू नये, हा राजनीतीचा धडा त्या तळघरात आजही पाहावयास मिळतो. समुद्रकाठचे भव्य मंदिर १९५१ साली प्रतिष्ठित झाले. तोवर पावणेदोनशे वर्षांच्या आसपास सोमनाथाची पूजा चालू राहिली ती या लहानशा देवळात. गयेस कंपनीच्या अमलात विष्णुपदाचे पाषाणमंदिर १७८७ साली पूर्णत्वास गेले. आपल्या पितरांचे पिंड आजही आपण तेथेच देतो.

या सर्व कार्यामागे दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे पैसा कोणाचा, याची स्वच्छ व्यवस्था. थोरल्या बाजीरावांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र खासगी उत्पन्न लावून दिले होते. दौलतीचा महसूल वेगळा आणि खासगी वेगळी. गौतमाबाईंच्या पश्चात ही खासगी अहिल्याबाईंकडे आली आणि धर्मकार्याचा भार त्यांनी तीवर ठेवला. त्यामुळे परक्या राज्यकर्त्याला हे कळत होते, की येथे येणारे द्रव्य एका भाविक स्त्रीचे आहे, होळकरांच्या लष्कराचे नाही. देवळाच्या पायाआडून उद्या ठाणे उभे राहील, ही शंका त्यामुळे मावळली.

दुसरी गोष्ट म्हणजे वकिलांचे जाळे. पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, नागपूर, लखनौ आणि कलकत्ता येथे त्यांचे वकील राहत असत. दरबारातील बातम्या कळविणे, स्नेह राखणे, कलह वाढू न देणे, ही वकिलांची कामे. कलकत्त्यास कंपनीचे दप्तर, लखनौस नवाबाचा दरबार, श्रीरंगपट्टणास टिपू सुलतान आणि हैदराबादेस निजाम. उत्तरेकडील क्षेत्रे असोत वा दक्षिणेकडील, तेथवर जाणाऱ्या वाटा याच सत्तांच्या मुलखांतून जात होत्या. गंगोदकाच्या कावडी उत्तरेतून निघून दक्षिणेच्या दूरदूरच्या देवस्थानांपर्यंत त्यांच्या खर्चाने जात. कावड ज्या वाटेने निर्विघ्न जाते, त्या वाटेवरच्या राज्यांशी स्नेह आहे, हे सांगावयास निराळा तहनामा लागत नाही.

शिवाय त्यांनी जे उभारले ते केवळ देवासाठी नव्हते. घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचा लाभ त्या त्या मुलखातील रयतेस होत होता. यात्रेकरू वाढले की बाजार वाढतो आणि राज्याचे उत्पन्नही वाढते. परक्याच्या मुलखात केलेला धर्म त्या मुलखाचेही कल्याण करतो, तेव्हा त्याला विरोध करण्यास कोणाला कारण उरत नाही.

श्रीशंकराच्या आज्ञेने

या बाईंचा दिवस कसा जात असे, त्याचे वर्णन त्यांच्यामागे तीस वर्षांच्या आत लिहिले गेले आहे. पहाटेपूर्वी उठणे, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे भोजन. दुपारपासून सायंकाळपर्यंत दरबार, आणि रात्री पुन्हा कामकाज. पडदा न पाळता त्या उघड्या दरबारात बसत आणि रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत. त्यांच्या आज्ञापत्रांवर त्यांच्या नावाऐवजी श्रीशंकराच्या आज्ञेचा निर्देश असे. राज्य शंकराचे, आपण केवळ कारभारी, हा त्यातला भाव. जो स्वतःस मालक समजत नाही, त्याच्याविषयी शेजाऱ्याला मत्सर कमी वाटतो.

हे वर्णन करणारा होता सर जॉन माल्कम, १८१७ साली महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव करणाऱ्या इंग्रज सैन्याचा एक सेनानी. माळव्याची व्यवस्था लावताना त्याने अहिल्याबाईंविषयी जुन्याजाणत्या माणसांकडे बारकाईने चौकशी केली आणि १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती माहिती नोंदविली. त्याला शंका होती, की देवळांवर एवढे धन वेचण्याऐवजी ते फौजेवर खर्च केले असते तर राज्य अधिक सुरक्षित झाले नसते काय? ज्या जाणत्या ब्राह्मणाला त्याने हे विचारले, त्याचे उत्तर मार्मिक होते. याच्या दुप्पट पैसा लष्करावर ओतला असता तरी राज्याचे इतके रक्षण झाले नसते. बाईंशी वैर करणे, किंवा त्यांच्यावर कोणी चालून आला असता त्यांच्या मदतीस न धावणे, हे त्या काळच्या राजेरजवाड्यांना पातक वाटत होते. माल्कमने आणखीही लिहून ठेवले आहे, की निजाम आणि टिपू यांनाही बाईंविषयी पेशव्यांइतकाच आदर होता, आणि त्यांच्या दीर्घायुष्यासाठी मुसलमान प्रजाही हिंदूंबरोबर प्रार्थना करीत असे. शत्रुपक्षाच्या लेखणीतून उतरलेली ही साक्ष आहे, म्हणून तिचे मोल अधिक.

मर्यादा आणि वारसा

याचा अर्थ अहिल्याबाईंनी शस्त्राकडे पाठ फिरविली होती, असा मात्र नव्हे. रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी बंड केले तेव्हा त्यांनी फौज पाठवून ते कठोरपणे मोडून काढले. वाटमारी करणाऱ्या भिल्लांना आधी धाक दाखविला, आणि मग त्यांच्या डोंगरांतून जाणाऱ्या मालावर भिलकवडी नावाचा त्यांचा जुना हक्क मान्य करून वाटेच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. दंड आणि दान, दोन्ही त्यांना ठाऊक होते.

धर्माने मिळविलेल्या प्रतिष्ठेलाही मर्यादा होत्या, हे मान्य केले पाहिजे. शिंदे आणि होळकर यांच्यातील तेढ बाईंच्या पुण्याईने मिटली नाही. १७९३ साली लाखेरीस दोन्ही फौजा एकमेकींवर तुटून पडल्या आणि तुकोजी होळकरांच्या सैन्याचा मोठा पराभव झाला. परक्या नवाबांनी ज्यांच्या कावडीला वाट दिली, त्यांच्या घरच्याच दोन दौलती आपसांत लढल्या. घरचे दुःखही चुकले नाही. नातू गेला, जावई यशवंतराव फणसे गेले, आणि १७९१ साली मुलगी मुक्ताबाई आईच्या विनवण्यांना न जुमानता सती गेली. ज्या सासऱ्याने आपल्याला चितेवरून परत आणले, त्याच्यासारखे आपल्याला लेकीला परत आणता आले नाही, हे शल्य घेऊन त्या उरलेली चार वर्षे जगल्या. आणि कारभार मात्र एक दिवसही थांबला नाही.

त्यांच्या मागे राज्याचे स्वास्थ्य फार काळ टिकले नाही. तुकोजीरावांच्या निधनानंतर वारसाचा तंटा उभा राहिला आणि १८०१ साली शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. बाई हयात असताना जे पातक वाटत होते, ते सहा वर्षांत सहज घडले. कारण राज्यांमधला तो आदर एका व्यक्तीच्या शुचितेवर उभा होता. तशी शुचिता वारसाहक्काने मिळत नाही, प्रत्येक पिढीला ती नव्याने कमवावी लागते.

पण राज्य लुटले गेले तरी देवळे राहिली. त्यांच्या पूजेची आणि नेमणुकांची व्यवस्था होळकरांच्या घराण्याने पुढे चालू ठेवली, आणि १९६२ साली या खासगीतील धर्मादायांसाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. नवाब गेले, कंपनी गेली, होळकरांची दौलतही भारतात विलीन झाली. काशीच्या देवळाला मात्र पुढे लाहोरच्या महाराजा रणजितसिंगांनी सोने दिले आणि माळव्याच्या राणीने उभारलेले शिखर पंजाबच्या सोन्याने झळकले. एकाने लावलेल्या धर्माच्या रोपाला दुसऱ्याने पाणी घालावे, अशी ही राज्याराज्यांमधील देवघेव होती.

आजही राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात धर्माचे नाव वारंवार घेतले जाते. कोठे ते स्नेहासाठी घेतात, कोठे कलहासाठी. धर्म पुढे करणाऱ्याच्या मनात मुलूख आहे की देव आहे, हे समोरच्याला फार लवकर कळते. अहिल्याबाईंच्या मनात देव होता, म्हणून परक्यांनी त्यांना वाट दिली, आणि जे तलवारीने मागून मिळाले नव्हते ते त्यांना न मागता मिळाले.

महेश्वरच्या वाड्यात आजही मातीची पार्थिव शिवलिंगे घडविली जातात, त्यांची पूजा होते, आणि मग ती नर्मदेत विसर्जित केली जातात. माती नदीला मिळते, पूजा शंकराला पोहोचते, आणि पूजा करणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. या श्रावणात शिवाला बेल वाहताना त्या मातेचे स्मरण करावे, आणि आपल्या दारी, आपल्या शेजारी, आपल्या गावी केलेल्या धर्मातही असाच निर्लेप भाव यावा, एवढेच मागणे शंभूचरणी मागावे.